एका लाइनवर साठ संगणक

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी अहमदनगर जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या ऊसपट्ट्यात तीन महाविद्यालये उभी राहिली : लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी, कोपरगावला संजीवनी. तिन्हींच्या पाठीशी सहकारी साखर कारखानदारीचे बळ होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी ज्या भागात शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा करून दाखवला, तिथली पुढची पिढी आता संगणकाच्या भाषा शिकणार होती.

आणखी वीस वर्षांनी, म्हणजे २००३-०४च्या सुमारास, महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या अशा एखाद्या महाविद्यालयात गेले तर संगणकांची वाण नव्हती. प्रयोगशाळेत ओळीने चाळीस, पन्नास, साठ यंत्रे मांडलेली असत, दारात चपलांचा ढीग असे. वाण होती ती बाहेर जाणाऱ्या लाइनची. सगळ्यांत मिळून टेलिफोनची एक तार, नाहीतर आयएसडीएन, आणि संस्था सधन असेल तर ६४ किलोबिटची लीज लाइन. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. शंभर किलोबाइटचे एक पान एकट्याने मागितले तर साडेबारा सेकंदांत यावे. सरांनी "सगळ्यांनी याहू उघडा" म्हटले आणि साठ जणांनी तेच पान एकदम मागितले, की साडेबारा मिनिटे. तासिका पंचेचाळीस मिनिटांची.

तेच पान साठ वेळा परदेशातून आणायचे कशाला, हा प्रश्न कोणालाही पडेल. एकदा आणावे, जवळच्या डिस्कवर ठेवावे आणि बाकीच्या एकोणसाठ जणांना तिथूनच द्यावे. हे काम करणाऱ्या मधल्या प्रोग्रामला प्रॉक्सी म्हणतात. त्यासाठी भिंतीवर एक कागद चिकटवलेला असे : पत्ता १९२.१६८.०.१, पोर्ट ३१२८. प्रत्येक संगणकाच्या ब्राउझरमध्ये, मेनूच्या चौथ्या-पाचव्या खोलीत शिरून, हे आकडे भरायचे. एखादा हुशार विद्यार्थी ते काढून टाकी, दुसरा चुकीचे भरी, आणि पुढच्या बॅचचा पहिला उद्गार ठरलेला असे, "सर, नेट बंद आहे." बिचारा प्रयोगशाळा साहाय्यक यंत्रामागून यंत्र तपासत फिरे.

हा फेरा चुकवण्याची युक्ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या कार्यप्रणालीच्या गाभ्यात, होती. ब्राउझरला काही सांगायचेच नाही. तो थेट बाहेर बोलतो आहे अशा समजुतीत राहू द्यायचा आणि वाटेतल्या यंत्राने त्याचे बोलणे परस्पर प्रॉक्सीच्या हाती द्यायचे. इंग्रजी जगात ट्रान्स्परंट प्रॉक्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या या युक्तीचा इतिहास हा मुळात टंचाईचा इतिहास आहे, आणि टंचाई संपल्यावर ती युक्ती कोणाच्या हाती गेली याचाही.

*

टंचाईचा माग काढत गेले तर तो मुंबईत, जुहूला पोचतो. तिथे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी होते आणि डॉ. एस. रमणी त्याचे संचालक होते. १९८६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने एर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, एनसीएसटी आणि दिल्लीचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ घटक त्यात होते. पवईची आयआयटी आणि जुहूचे एनसीएसटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेल ये-जा करू लागली. १९८९ साली एनसीएसटीतून अमेरिकेतल्या यूयूनेटकडे कायमची लाइन जोडली गेली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. एका देशाच्या शैक्षणिक जगाला बाहेरचे दार म्हणून मिळालेली ही फट; आजच्या फोनवर आलेला एक बरा फोटो तिच्यातून उतरायला तासाच्या घरात वेळ घेईल.

सामान्य ग्राहकासाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या मार्फत, आणि तेही आधी महानगरांत. नुसती अक्षरे दाखवणारे खाते विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळे. चित्रांसह वेब दाखवणाऱ्या खात्याचे दर वर्षाला पंधरा हजारांच्या घरात होते. ज्या गावात निगमाचा नोड नाही तिथल्या माणसाने जवळच्या मोठ्या शहराला एसटीडी लावायची. मोडेम किरकिरत जोडला जाई आणि त्या क्षणापासून दोन मीटर पळू लागत, एक इंटरनेटचा आणि एक ट्रंक कॉलचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना परवाने देणारे धोरण आले, पुढे दूरसंचार खात्याची आणि मग बीएसएनएलची संचारनेट सेवा जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली, तेव्हा कुठे ती जोडणी लोकल कॉलच्या दरात आली.

म्हणूनच प्रॉक्सीची कल्पना पश्चिमेत निघाली असली तरी तिची खरी गरज इकडे होती. १९९४ साली जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे आरी लुओटोनेन आणि केव्हिन ॲल्टिस यांनी वेब-प्रॉक्सीवर निबंध वाचला. त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः कंपन्यांच्या सुरक्षाभिंती होत्या. पाने साठवून ठेवण्याचा लाभ त्याच जोडीला आला. हार्वेस्ट नावाच्या विद्यापीठीय प्रकल्पातून पुढे साठवणीचा स्वतंत्र प्रोग्राम निघाला आणि १९९६ मध्ये डुएन वेसेल्सने त्यातून स्क्विड घडवला. अमेरिकन सरकारच्या विज्ञान निधीवर वाढलेला, फुकट, कोड उघडा. भिंतीवरच्या कागदावरचा तो ३१२८ हा आकडा स्क्विडचाच.

फुकट असला तरी तो नगर जिल्ह्यात पोचायचा कसा? लिनक्सची एक सीडी ६५० मेगाबाइटची. ३३.६ किलोबिटच्या मोडेमवर ती सलग ४३ तास उतरवावी लागली असती, तीही लाइन एकदाही न तुटता. टेलिफोनचे खांब वाऱ्याने हलतात अशा मुलखात हा विनोदच.

मार्ग निघाला तो पोस्टाने. 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने मार्च १९९६च्या अंकासोबत लिनक्सची सीडी वाटली आणि मग दर वर्षी तो पायंडाच पडला. या उपक्रमामागे होता अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, लहानपणीची पहिली वर्षे जर्मनीतली, पुढचे वाढणे आणि अभियांत्रिकीचे शिक्षण बेळगावचे. त्याने १९८९ मध्ये बंगळूरला सिक्स नावाचा बुलेटिन बोर्ड चालवायला घेतला होता. टेलिफोनच्या तारेवरून अनोळखी माणसांना बोलते करण्याची त्याला आधीपासून हौस होती. जिथे जिथे मासिक जाई तिथे तिथे लिनक्स गेले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अंक यायचा, सीडी प्राध्यापकांच्या कपाटात जायची आणि एखादा चिकट विद्यार्थी ती मागून घ्यायचा. भारतातल्या कित्येक गावांत इंटरनेटच्या आधी लिनक्स पोचले ते असे. चिटणीसने पुढे २००१ पासून बंगळूरला परिषदा भरवल्या. तिथे नेटफिल्टरचा हॅराल्ड वेल्टे अनेकदा आला. २०१३च्या जूनमध्ये चिटणीस कर्करोगाने गेला, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी.

*

आता त्या नेटफिल्टरकडे वळायला हवे, कारण खरी करामत तिथे घडली.

जाळ्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर दोन पत्ते असतात, कुठून आले आणि कुठे चालले. राउटरचे काम करणारे लिनक्सचे यंत्र पाकीट हाती आले की एकच गोष्ट पाहते : जिथे जायचे तो पत्ता माझा आहे का? असेल तर आतल्या प्रोग्रामला द्यायचे, नसेल तर पुढे ढकलायचे. याहूकडे निघालेले पाकीट त्या यंत्राच्या पत्त्यावरचे नाही, म्हणून त्यावरच चाललेल्या स्क्विडला ते कधीच दिसणार नाही. ते दिसावे यासाठी कर्नलने आपल्याच मूळ नियमाला अपवाद करायला हवा. परक्याच्या नावाचे पाकीट आपले म्हणून घ्यायचे.

१९९४ मध्ये वेल्समधल्या ॲलन कॉक्सने बीएसडीवरून पाकिटे गाळण्याची यंत्रणा लिनक्समध्ये आणली. १९९६च्या २.० कर्नलपर्यंत तिच्यात एक प्रायोगिक सोय आली होती आणि नेदरलँड्सच्या जोस वॉसने लिहिलेल्या आयपीएफडब्ल्यूॲडएम या आज्ञेने ती वापरता येई. अमुक पोर्टकडे निघालेले पाकीट पुढे पाठवू नको, इथल्याच तमुक पोर्टवर दे. जानेवारी १९९९ मध्ये २.२ कर्नल आले, त्यासोबत ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेलचे आयपीचेन्स आले, आणि हे काम एका ओळीत होऊ लागले. ऐंशी नंबरच्या पोर्टकडे जाणारे सगळे ३१२८कडे वळव. झाले. भिंतीवरचा कागद फाडून टाकावा.

पण एक गोम होती. प्रॉक्सीशी आपण बोलत आहोत हे ब्राउझरला ठाऊक असते तेव्हा तो पूर्ण पत्ता मागतो, अमुक साइटवरचे अमुक पान. ठाऊक नसते तेव्हा तो नुसते पान मागतो, कारण त्याच्या लेखी समोर साक्षात ती साइटच बसलेली असते. वाटेत बसलेल्या स्क्विडच्या हाती मग "पहिले पान दे" एवढीच चिठ्ठी येई. कोणाचे पहिले पान? मूळ पत्ता जाणणारा एकच, कर्नल. म्हणून जुन्या कर्नलमध्ये प्रोग्रामने "माझा स्वतःचा पत्ता काय?" असे विचारले की कर्नल त्याला याहूचा पत्ता सांगे. खोटेच ते, पण उपयोगी खोटे. जानेवारी १९९७च्या एचटीटीपी १.१ने मागणीसोबत यजमानाचे नाव लिहिणे सक्तीचे केले आणि ही अडचण पुष्कळशी सैल झाली; तरी कर्नलची ही आठवण प्रॉक्सीला पुढेही लागतच राहिली.

४ जानेवारी २००१ रोजी २.४ कर्नल बाहेर पडले. रसेलने पाकिटांची सगळी व्यवस्था मुळापासून नव्याने लिहिली होती. वाटेवर पाच ठराविक ठिकाणी आकडे ठोकलेले, ज्याला जे अडकवायचे ते त्याने तिथे अडकवावे, अशी ती रचना. तिचे नाव नेटफिल्टर, तिची आज्ञा आयपीटेबल्स. जुनी प्रॉक्सीची सोय टीसीपी आणि यूडीपीच्या कोडमध्ये जागोजागी अटी घालून विखुरलेली होती. नव्या घरात तिला जागा मिळाली नाही. बदली दिली ती पत्ताबदलाची : पाकिटावरचा जाण्याचा पत्ता खोडून स्वतःचा लिहायचा आणि मूळ पत्ता जोडण्यांच्या वहीत टिपून ठेवायचा. प्रोग्रामने विशेष प्रश्न विचारला तर वही उघडून सांगायचा.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला एवढे पुष्कळ होते. बुडापेस्टच्या बालाबिट कंपनीला नव्हते. तिथे सिसलॉग-एनजी लिहिणारा बालाझ शायडलर झॉर्प नावाची सुरक्षाभिंत घडवत होता आणि तिला दोन्ही टोकांना अदृश्य राहायचे होते. पत्ताबदलाच्या रीतीत ग्राहकाला प्रॉक्सी दिसत नाही, पण पलीकडच्या साइटला दिसतो, कारण तिच्या दारी प्रॉक्सीचाच पत्ता लागतो. जुन्या २.२ कर्नलमध्ये प्रॉक्सीला ग्राहकाचा पत्ता धारण करून पुढे जाता येई, २.४ने ती वाट बंद केली. शायडलर आणि क्रिस्तियान कोवाच यांनी मग टीप्रॉक्सी नावाचा पॅच लिहिला. पहिली आवृत्ती पत्ताबदलाच्याच यंत्रणेवर टेकलेली होती. मूळ कर्नलमध्ये तिला प्रवेश मिळाला नाही, आणि ते योग्यच झाले म्हणायला हवे, कारण त्या नकारामुळे ती नव्याने, सुटसुटीत लिहिली गेली.

नव्या रीतीत पाकिटावर एक अक्षरही खोडायचे नाही. कर्नल पाकिटावर एक खूण करतो. ती खूण असलेल्या पाकिटांसाठी मार्गांचा वेगळा तक्ता असतो आणि त्या तक्त्यात लिहिलेले असते की जगातला प्रत्येक पत्ता हा इथलाच आहे. मग ते पाकीट आपोआप आत येते आणि ठरलेल्या प्रोग्रामच्या सॉकेटवर सोपवले जाते. प्रोग्रामनेही आपल्या सॉकेटवर तशी परवानगी मागून घेतलेली असावी लागते, आणि ती मागायला यंत्राच्या जाळ्याचा कारभार पाहण्याचा अधिकार लागतो. उलट वाटेने, साइटकडे जाताना, प्रॉक्सी ग्राहकाचा पत्ता लावूनच निघतो. एवढेच पाहायचे की परतीची पाकिटेही याच यंत्रावरून यावीत. ती दुसऱ्या वाटेने गेली तर ग्राहकाच्या संगणकाला न मागितलेले उत्तर मिळते आणि तो ते फेकून देतो. ही चूक अनेकांनी केली आणि रात्री घालवल्या.

कित्येक वर्षे कर्नलच्या बाहेर राहिलेली टीप्रॉक्सी अखेर डिसेंबर २००८ मध्ये, नाताळच्या तोंडावर आलेल्या २.६.२८ या आवृत्तीत आत आली. २०१० मध्ये स्थिर झालेल्या स्क्विड ३.१ने तिला साथ दिली, आणि २०११च्या जानेवारीतल्या २.६.३७मध्ये आयपीव्ही६चीही सोय झाली.

*

बुडापेस्टला हे बारकावे घासून पुसून होत असताना नगर जिल्ह्यात इंटरनेटचे गिऱ्हाईक झपाट्याने वाढत होते. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएससीआयटी या अभ्यासक्रमाने अकोल्यापासून जामखेडपर्यंत, चौदाही तालुक्यांत, संगणक केंद्रे उभी केली. सायबर कॅफे होतेच. यांतल्या बहुतेकांकडे विंडोजच असे आणि लाइन वाटून घ्यायला विनगेटसारखा प्रोग्राम किंवा विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीतली सोय. ज्याच्याकडे लिनक्स जाणणारा कोणी असे, तो मात्र कोपऱ्यात एक जुना पेंटियम ठेवून त्यावर स्क्विड बसवी. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, वर धूळ.

दहावी-बारावीचा निकाल लागला की या कोपऱ्यातल्या पेटीचा कस लागे. केंद्राबाहेर रांग, हातात प्रवेशपत्रे. इथे साठवणीचा फारसा उपयोग नसे, कारण प्रत्येक आसन क्रमांकाचे उत्तर वेगळे. साठवता येई ते फक्त पानावरचे बोधचिन्ह, चौकटी आणि जाहिराती. पण त्या काळच्या पानांत वजन त्या चित्रांचेच जास्त असे, त्यामुळे गुण आणणारा मजकूर तेवढा लाइनवरून यायचा आणि रांग पुढे सरकायची.

आणि भारनियमन. २००५ नंतरची तीन-चार वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने दिवसाचे कित्येक तास अंधारात काढले. स्क्विडला झटक्याने बंद होणे सोसत नाही. कोणते पान डिस्कवर कुठे आहे याची यादी तो ठेवतो. वीज गेली की यादी अर्धवट राहते आणि परत सुरू झाल्यावर तो साऱ्या साठ्याची एकेक फाइल चाळून यादी नव्याने बांधत बसतो. जुन्या ईएक्सटी२ फाइल व्यवस्थेवर त्याआधी डिस्कची तपासणी आणखी वेगळी. तोवर वीज परत जायची वेळ झालेली. नोंदवही ठेवणारी ईएक्सटी३ व्यवस्था २००१च्या अखेरीस कर्नलमध्ये आली, तिने पुष्कळांचा जीव वाचवला. परदेशी पुस्तकांत प्रॉक्सीचा वेग कसा वाढवावा यावर प्रकरणे असत. इकडच्या माणसाचा पहिला प्रश्न बॅटरी किती वेळ टिकते हा होता.

*

बचतीसाठी वाटेत बसवलेली पेटी बघते काय हा प्रश्न त्या वर्षांत फार कोणी विचारला नाही. देशपातळीवर मात्र वाटेत बसण्याचे दुसरे उपयोग दिसू लागले होते.

१९९९ मध्ये कारगिलचे युद्ध चालू असताना विदेश संचार निगमाने पाकिस्तानच्या 'डॉन' वृत्तपत्राची साइट अडवली. बाहेरचे दार तेव्हा निगमाच्याच हाती होते, म्हणून काम सोपे होते. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातल्या एका बंदी घातलेल्या संघटनेचा किनहुन नावाचा याहू ग्रुप बंद करण्याचा आदेश निघाला. सेवादात्यांच्या राउटरांना फक्त पत्ता कळत होता, पानाचे नाव नाही. आणि त्या पत्त्यावर जगभरचे सारे याहू ग्रुप नांदत होते. परिणामी एका छोट्या गटापायी भारतातून सगळेच ग्रुप दिसेनासे झाले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर तोच प्रकार ब्लॉगस्पॉटच्या बाबतीत घडला. आदेश थोड्याच पानांचा, अडले हजारो ब्लॉग, आणि त्यात अनेक मराठीही असणार.

या दोन फजित्यांतून निघालेला निष्कर्ष चमत्कारिक आहे. सरसकट बंदी नको, नेमके पान तेवढे अडवा, ही मागणी रास्त वाटते. पण नेमके पान ओळखायचे तर पाकिटाच्या आत डोकावावे लागते, म्हणजे वाटेत प्रॉक्सीसारखे काही बसवावे लागते. बंदी जितकी सभ्य, तितकी टेहळणी खोल. २००९च्या ऑक्टोबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६९ अ हे कलम लागू झाले आणि आदेशांना चाकोरी मिळाली. २०१८ मध्ये दिल्लीच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यांत अशी मधली यंत्रे शोधून त्यांच्या दोन जाती नोंदवल्या : काही पाकीट थांबवून स्वतः उत्तर देतात, काही नुसती प्रत वाचतात आणि खऱ्या उत्तराच्या आधी आपले खोटे उत्तर पोचवायचा प्रयत्न करतात.

नगरच्या भुईकोट किल्ल्याने टपालाची तपासणी पाहिलेली आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा नेत्यांना तिथे आणून ठेवले, ठिकाण सुरुवातीला गुप्त राखले, आणि पुढे पत्रांना परवानगी मिळाली तेव्हा ती सरकारी अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जात. लिहिणाऱ्याला हे ठाऊक असे, वाचणाऱ्यालाही. दोघेही शब्द मोजून वापरत. टीप्रॉक्सी बसवलेल्या जाळ्यात दोन्ही टोके बेसावध असतात. ग्राहकाला वाटते आपण साइटशी बोललो, साइटला वाटते ग्राहकच बोलला. शायडलरने ही रचना संस्थांच्या संरक्षणासाठी केली यात शंका नाही, पण कर्नलला हेतू विचारता येत नाही.

जून २०१५ मध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रामरने आपल्याच ब्लॉगचा कोड मोबाइलच्या थ्रीजी जोडणीवर उघडून पाहिला, तर त्यात त्याने न लिहिलेल्या ओळी होत्या. एअरटेलच्या जाळ्यात वाटेतच त्या घुसवल्या जात होत्या. त्याने पुरावा उघड केला तेव्हा त्या तंत्रामागच्या फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीकडून त्यालाच कायदेशीर नोटीस आली.

*

वाटेतल्या पेटीचे राज्य खालसा केले ते कुलूपबंद पाकिटांनी. २०१३ मध्ये अमेरिकी सरकारची टेहळणी उघड करणारी स्नोडेनची कागदपत्रे बाहेर आली, डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने फुकट प्रमाणपत्रे सर्वांना खुली केली, आणि जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटवर असुरक्षित असा शिक्का मारू लागला. एचटीटीपीएसच्या पाकिटात मधल्या यंत्राला फार तर साइटचे नाव दिसते. आतले पान साठवता येत नाही, बदलताही येत नाही. स्क्विडच्या नोंदींत साठ्यातून दिलेल्या पानांचे प्रमाण वर्षागणिक खाली आले. कुलूप उघडायचेच असेल तर संस्थेने आपले स्वतःचे प्रमाणपत्र तयार करून प्रत्येक संगणकावर बसवावे लागते, म्हणजे साहाय्यकाच्या हाती पुन्हा पेन ड्राइव्ह आणि पुन्हा प्रत्येक यंत्राची फेरी.

फोनवर तेही जमेना. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ७ने वापरकर्त्याने बसवलेल्या प्रमाणपत्रांवर ॲप्सनी आपणहून विश्वास ठेवणे बंद केले. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ५ सप्टेंबरला, जिओ सुरू झाले आणि पाथर्डी-शेवगावच्या विद्यार्थ्याच्या खिशात महाविद्यालयाच्या जुन्या लाइनच्या शेकडो पट वेगाची स्वतःची जोडणी आली. साठवणीचे काम संपले नाही. गूगल आणि नेटफ्लिक्स यांनी आपल्याच पेट्या सेवादात्यांच्या केंद्रांत ठेवल्या, आणि लोकप्रिय व्हिडिओ आता तिथूनच येतो. फरक असा, की पूर्वी काय साठवायचे ते प्रयोगशाळेचा माणूस ठरवी.

टीप्रॉक्सी कर्नलमध्ये अजून आहे आणि चांगली रुळली आहे. क्लाउडमध्ये कंटेनरांच्या शेजारी प्रॉक्सी बसवणाऱ्या इस्टिओसारख्या प्रणालींत वाहतूक वळवण्याचा तो एक पर्याय आहे, आणि ३१ मे २०२०च्या ५.७ कर्नलपासून पाकीट सॉकेटवर सोपवण्याचे तेच काम ईबीपीएफच्या छोट्या प्रोग्रामकडूनही करून घेता येते. ऊसपट्ट्यातल्या त्या महाविद्यालयांतून पुण्याच्या हिंजवडीला गेलेल्या अभियंत्यांपैकी ज्यांच्या वाट्याला हे काम येते, ते कर्नलसोबत येणाऱ्या टिपणातल्याच ओळी उतरवून घेतात. त्या टिपणात उदाहरण म्हणून खूण १ आणि तक्ता १०० दिलेला आहे. कोणतेही आकडे चालले असते, पण ते बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.